बॉल उडाला की गायचं!

कोल्हापूरला कशाचा नाद लागेल याचा काही नेम नाही. कुस्ती झाली, फुटबॉल झाला, बुलेट झाली, आता त्यात कॅराओकेची भर पडली आहे. एखाद्या शनिवारी संध्याकाळी कुठल्याही छोट्या हॉलमध्ये डोकावून बघा. स्टेजवर कुणीतरी रिटायर्ड बँक मॅनेजर किशोरकुमार झालेले असतात आणि दुसऱ्या रांगेत त्यांच्या मिसेस मोबाइलवर शूटिंग करत असतात. ऑफिसच्या पार्टीत आपण तरी वेगळं काय करतो? समोर टीव्हीवर ओळी येतात, एकेका शब्दाचा रंग पांढऱ्याचा पिवळा होत जातो आणि आपण त्या पिवळ्या रंगाच्या मागे धावत सुटतो. धाप लागते, ताल सुटतो, तरी लोक टाळ्या वाजवतात. सुटलो एकदाचे!

तर या पिवळ्या रंगाचा एक पणजोबा आहे. तो गोल आहे, पांढराशुभ्र आहे आणि २०२४ मध्ये त्यानं शंभरी गाठली. गेल्या महिन्याभरात मी त्याच्या प्रेमात पडले आहे.

झालं असं की, कॅराओकेवर एक स्टोरी करायचं काम माझ्याकडे आलं. फ्रीलान्स पत्रकाराला कामाला नाही म्हणायची चैन परवडत नाही. जपानमधल्या कोबे शहरात दाइसुके इनोउए या वादकानं १९७१ मध्ये कॅराओकेचं मशीन बनवलं, इथपर्यंत माझी गाडी झटकन पोहोचली. मग वाटलं, त्याच्या आधी काय होतं? आणि मी जी मागे मागे गेले ती थेट न्यूयॉर्कला, १९२४ सालात.

तिथे मॅक्स आणि डेव्ह फ्लायशर हे दोन भाऊ कार्टून बनवायचे. पुढे बेटी बूप आणि पॉपायमुळे त्यांचं नाव झालं, पण त्याआधी त्यांनी एक भन्नाट शक्कल लढवली होती. थिएटरच्या पडद्यावर गाण्याच्या ओळी दाखवायच्या आणि त्या ओळींवरून एक पांढरा चेंडू टुणटुण उड्या मारत न्यायचा. चेंडू जिथे टेकेल ते अक्षर पब्लिकनं गायचं. सिनेमा तेव्हा मुका होता. खाली बसून पियानोवाला किंवा बँड वाजवायचा आणि अंधारात शेकडो अनोळखी माणसं एका सुरात (किंवा शेकडो सुरांत) गायची. पहिल्या खेळाला लोकांनी एवढा गोंगाट केला की मॅनेजरनं रीळ परत गुंडाळून पुन्हा लावायला सांगितलं, असा किस्सा त्या स्टुडिओतले लोक नंतर सांगायचे. म्हणजे आपल्या संगीत नाटकातला वन्स मोअरच की! त्यातल्या काही फिल्म्सना तर ली डी फॉरेस्ट यांच्या तंत्रानं आवाजही जोडला होता, तोसुद्धा १९२८ मध्ये डिस्नेच्या मिकीनं 'स्टीमबोट विली'त शीळ घालण्याच्या आधी.

मग बोलपटांचा जमाना आला आणि १९२९ पासून 'स्क्रीन साँग्ज' नावाची मालिका सुरू झाली. पॅरामाउंट ती थिएटरात पोहोचवायची. १९३८ पर्यंत ती चालली, आणि पुढे १९४७ ते १९५१ मध्ये दुसऱ्या मंडळींनी तिला पुन्हा हवा दिली. ठरलेला साचा असा : सुरुवातीला कार्टूनचा धुडगूस, मध्ये कुणीतरी खराखुरा गायक पडद्यावर, आणि मग ओळी आणि चेंडू.

हे मी घरी हॉलमध्ये लॅपटॉपवर बघत बसले होते. मागून पप्पांचा आवाज आला.

"काय बघालीस? रीळ उडालंय बघ. जंप मारलाय तिथं."

इथे पप्पांची ओळख करून द्यायला हवी. पप्पा कोल्हापुरातल्या एका सिंगल स्क्रीन थेटरात ऑपरेटर होते. १९८१ मध्ये केबिनमध्ये हेल्पर म्हणून चिकटले ते २०१२ पर्यंत. थेटरचं नाव सांगत नाही, कारण आता तिथे पार्किंग आहे आणि पप्पांना त्या रस्त्यानं जायला आवडत नाही. शेवटचे काही महिने पगार अर्धाच हातात पडला आणि एके दिवशी गेटला कुलूप दिसलं. त्यानंतर पप्पांनी कुठल्याही थेटरात पाय ठेवलेला नाही. २०१६ मध्ये 'सैराट'च्या वेळी अख्खा गाव सीटवर उभा राहून नाचत होता, आम्ही तिकीट काढून आणलं होतं, तरी हे घरी बातम्या बघत बसले.

तर पप्पा स्टूल ओढून लॅपटॉपसमोर बसले. मी आवाज वाढवायला गेले तर हातानंच नको म्हणाले.

त्याचंही एक कारण आहे. केबिनमध्ये दोन प्रोजेक्टर. एक चालू असतो, दुसरा तयारीत. बंद खोली, कार्बनची धग आणि त्या मशिनांची दिवसाला चार खेळ अखंड खडखड. तीस वर्षं हे ऐकल्यावर कान तक्रार करणारच. गेल्या चार-पाच वर्षांत पप्पांना कमी ऐकू येतं. कानाचं मशीन आणलंय, ते देवघराच्या खणात सुरक्षित आहे. बातम्यांना खाली पट्टी असते, त्यामुळे बातम्यांचं अडत नाही. अडतं ते गाण्यांचं. पप्पा आधी सतत काहीतरी गुणगुणायचे. दाढी करताना, स्कूटर पुसताना, भाजी निवडताना. हल्ली घरात गाणं लागलं आणि त्यांनी सूर लावला की ते अर्धी ओळ मागे असतात. माझी सहा वर्षांची भाची खो खो हसते. पोरीचा काय दोष? तिला खरंच मजा वाटते. पण एकेक करत पप्पांनी सगळी गाणी मिटून ठेवली. आईच्या ते माझ्याआधी लक्षात आलं होतं. "घर कसं दवाखान्यासारखं गप झालंय," असं ती एकदा सहज म्हणाली आणि कुकर लावायला आत गेली.

असो. आपण कार्टूनकडे वळू.

मुद्द्याचा प्रश्न असा की शंभर वर्षांपूर्वीचं हे प्रकरण आज बघवतं का? मी पंधरा दिवसांत तीसेक फिल्म्स बघितल्या. प्रामाणिक उत्तर : अर्धं बघवतं. सुरुवातीचा कार्टूनचा भाग पहिल्या तीन फिल्म्सना धमाल वाटतो. सगळ्यांचे हातपाय शेवयांसारखे, दिव्याचे खांब नाचतात, गाड्यांना शिंका येतात, घरं कंबर हलवतात. चौथ्या फिल्मनंतर मात्र पुढचा विनोद आपल्याला आधीच दिसायला लागतो. भाचीला ते कधीही चालतं. मी मोबाइल बघायला लागते.

मधले गायक मात्र अजून टवटवीत आहेत. एथेल मर्मन नावाच्या बाईंचा आवाज ऐकाच. माइक बिघडला तरी शेवटच्या रांगेला काही कळणार नाही असा. आणि मिल्स ब्रदर्स! चार भाऊ, सोबत एक गिटार, बाकी सगळी वाद्यं तोंडानं. आज कॉलेजच्या फेस्टिव्हलला बीटबॉक्सिंग करणारी पोरं बघून आपण वॉव म्हणतो, ते यांनी १९३२ मध्ये करून ठेवलंय.

आणि मग येतो न बघवणारा भाग. या मालिकेत कृष्णवर्णीय, ज्यू, चिनी अशा सगळ्यांची जी टिंगल आहे ती बघून पोटात ढवळतं. 'तेव्हा चालायचं' हे उत्तर मला पुरत नाही. एका फिल्ममध्ये मिल्स ब्रदर्सना मानानं गायला बोलवायचं आणि त्याच मालिकेतल्या दुसऱ्या फिल्ममध्ये त्यांच्याच लोकांना जाड ओठांची बावळट बाहुली करून नाचवायचं, हे तेव्हाही त्या भावांना दिसत असणारच ना? भाची बाजूला असताना मी दोन फिल्म्स मध्येच बंद केल्या. तिनं विचारलं का, तर म्हटलं, ते लोक वाईट वागतायत. तिला पटलं.

आता राहिला चेंडू. आणि इथे खरी गंमत आहे, कारण चेंडूला एक सुरकुती पडलेली नाही.

मला वाटलं होतं तोही कागदावर चित्र काढून केलेला असणार. नाही! गाण्याच्या ओळी एका फिरत्या ड्रमवर पांढऱ्यानं लिहिलेल्या. एक लांब काळी काठी, तिच्या टोकाला पांढरा गोळा. कॅमेरा चालू, ड्रम फिरतोय, आणि एक माणूस तालावर ती काठी हातानं नाचवतोय. फिल्मवर काळी काठी काळ्या पार्श्वभूमीत बुडून जाते आणि उरतो नुसता चेंडू. म्हणून तो जिवंत वाटतो. लांबलेल्या सुरावर जरा रेंगाळतो, ओळ संपली की लगबगीनं खालच्या ओळीवर येतो. कुणाच्या तरी मनगटातला ताल आहे तो.

पप्पांनी हे दोन मिनिटांत ओळखलं होतं. "मशीन नाही हे. कोणतर हातानं हलवालंय," म्हणाले. आणि मग त्यांनी जे सांगितलं ते मला कुठल्याही पुस्तकात सापडलं नसतं.

जुन्या ३५ एमएम फिल्ममध्ये एक रीळ साधारण वीस मिनिटांचं असायचं. ते संपायच्या आत दुसऱ्या प्रोजेक्टरवरचं रीळ सुरू झालं पाहिजे, आणि पब्लिकला कळता कामा नये. त्यासाठी पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात क्षणभर एक ठिपका चमकतो. साधारण आठ सेकंद आधी पहिला : दुसऱ्या प्रोजेक्टरची मोटर चालू कर. शेवटच्या सेकंदाला दुसरा : आता बदल. आपण हजारदा पिक्चर बघितले असतील, हे ठिपके आपल्याला कधी दिसले नाहीत. पप्पांनी तीस वर्षं त्या कोपऱ्याशिवाय फारसं काही बघितलं नाही.

"दुसरा ठिपका दिसल्यावर मोटर चालू केलीस तर काय उपयोग? पडदा पांढरा होणार, शिट्ट्या सुरू. आधी सांगायला लागतंय. हा बॉल आधी सांगतोय बघ. तो वर उडालाय तेव्हाच तुला कळतंय कुठं पडणार ते. तुमच्या त्या कॅराओकेत शब्द रंगला म्हणजे वेळ गेली."

मी लॅपटॉप पॉज करून त्यांच्याकडे बघतच राहिले. मास कॉमच्या डिग्रीत दोन सेमिस्टर एडिटिंग शिकले मी, पण इतकं सोपं करून कुणी सांगितलं नव्हतं. पुढच्या वेळी कॅराओकेला जाल तेव्हा बघा. पिवळा रंग तुम्हाला तुम्ही कुठे आहात ते सांगतो, कुठे जायचंय ते सांगत नाही. चेंडू हवेत असतो तेवढ्या वेळात माणूस श्वास घेतो. ज्याला गाणं येत नाही, किंवा ज्याला नीट ऐकू येत नाही, त्याला एवढाच अवधी हवा असतो.

मग साहजिकच मनात आलं, आपल्या थेटरांत हा चेंडू का नाही उडाला? कार्टून आपल्याला नवीन नव्हतं. प्रभातनं १९३४ मध्येच 'जंबूकाका' नावाची कार्टून फिल्म काढली होती. फिल्म्स डिव्हिजनमध्ये १९५६ मध्ये कार्टून विभाग सुरू झाला, डिस्नेकडचे क्लेअर वीक्स आपल्या लोकांना शिकवायला आले आणि पुढच्याच वर्षी 'द बन्यन डिअर' तयार झाली. थेटरवाल्यांना फिल्म्स डिव्हिजनची रिळं दाखवणं सक्तीचंच होतं. पप्पा सांगतात, त्या वेळात पब्लिक बाहेर शेंगदाणे घ्यायला जायचं आणि ते स्वतः केबिनमध्ये चहा प्यायचे. अख्खा हॉल हातात होता, गाणारा देश होता, मग गाण्याची फिल्म का नाही?

माझं उत्तर साधं आहे. चेंडूच्या मागे जायचं तर ओळ वाचता आली पाहिजे. १९५१ च्या जनगणनेत आपल्या देशात शंभरातल्या जेमतेम अठरा जणांना लिहिता-वाचता येत होतं. बाकी ब्याऐंशी जणांना चेंडू दिसला असता, त्याच्या खालचं अक्षर नाही. आपण एकत्र गायला शिकलो ते कानानं. कीर्तनकार ओळ टाकतो, टाळकरी उचलतात, मग मंडप उचलतो. नवरात्रात अंबाबाईच्या देवळात आरतीला उभे राहा, कुणाच्या हातात कागद नसतो. गंमत म्हणजे हेच गणित उलटं फिरवण्याची कल्पना १९९६ मध्ये ब्रिज कोठारी यांना सुचली. गाणी सगळ्यांना पाठ असतातच, तर खाली त्याच भाषेत ओळी टाका, गाता गाता लोक वाचायला शिकतील. पुढे दूरदर्शनच्या 'चित्रहार'वर ते दिसायला लागलं. गाण्याबरोबर रंग बदलणारी ती ओळ आठवते? तो आपला चेंडूच, फक्त उडत नाही.

पण कानानं शिकायचं कार्टून आपल्याकडे झालं, आणि कसलं झालं! तुमच्यातल्या निम्म्या लोकांच्या ओठांवर ते आत्ता आलंही असेल. बरोबर, 'एक अनेक और एकता'. साल १९७४. दिग्दर्शिका विजया मुळे, मुंबईत जन्मलेल्या, फिल्म सोसायटी चळवळीतल्या फार मोठ्या बाई, अभिनेत्री सुहासिनी यांच्या आई. अॅनिमेशन भीमसेन यांचं, तेच ज्यांनी पुढे १९७७ मध्ये 'घरौंदा' दिग्दर्शित केला. शब्द पंडित विनयचंद्र मौद्गल्य यांचे. त्यातला कोवळा आवाज म्हणजे लहानगी साधना सरगम, आपल्या दाभोळची. फिल्मला सर्वोत्कृष्ट शैक्षणिक चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. सात-आठ मिनिटांची फिल्म, पण दूरदर्शननं ती इतक्यांदा दाखवली की अख्ख्या पिढीला पाठ झाली. माझा जन्म त्यानंतर वीस-बावीस वर्षांनी झालेला, तरी मला ती पाठ आहे. कशी, ते मला सांगता येणार नाही. गोवराची लस टोचल्याचं तरी कुठे आठवतं?

मी ती परत लावली. भाची, पप्पा, आई, सगळे बसले. ही फिल्म टिकली आहे का? टिकली आहे. रेषा अगदी कमी, रंग साधे, पण जाळ्यासकट उडणारे पक्षी अजून अंगावर काटा आणतात. मुलं मिळून आंबे काढतात तो भाग तर फारच गोड. शेवटची शिकवण जरा जास्त वेळ चालते, असं माझं मत. भाचीनं तेव्हा चुळबुळ सुरू केली आणि खारी परत लाव म्हणाली. पण त्यात एक गोष्ट आहे जी फ्लायशर बंधूंकडे नाही : ताई म्हणते, मुलं विचारतात, ताई परत म्हणते. म्हणजे उत्तर द्यायची वेळ येते तोवर आपण ओळ एकदा ऐकलेली असते. तोच तो अवधी, इथे कानाला दिलेला.

आणि संगीत कुणाचं? वसंत देसाईंचं. कोल्हापूरकरांनो, जरा कॉलर ताठ करा. १९२९ मध्ये प्रभात फिल्म कंपनी आपल्या गावात सुरू झाली तेव्हा कोकणातून आलेला हा पोरगा तिथे पडेल ते काम करायला राहिला होता. १९३३ मध्ये प्रभात पुण्याला गेली. पुढे आपल्या कोल्हापूरच्याच व्ही. शांतारामांच्या 'दो आँखें बारह हाथ'मधली प्रार्थना त्यांनी केली, १९५७ मध्ये. 'गुड्डी'तली प्रार्थना १९७१ मध्ये. आणि १९७४ मध्ये हे कार्टून. पुढच्याच वर्षी लिफ्टच्या अपघातात ते गेले. तीन गाणी सांगितली, तिन्ही तुम्ही शाळेच्या रांगेत उभं राहून, पुढच्याच्या वेणीकडे बघत गायलेली आहेत. बिनसुराच्या चारशे पोरांनी एकदम गायलं तरी गाणं वाकडं होणार नाही, अशी चाल बांधणं सोपं नसतं. कुणी मोठ्या संगीतकारांची यादी करायला बसलं की वसंत देसाई मागे पडतात, याचा मला राग येतो.

पप्पांना 'दो आँखें'ची प्रार्थना शाळेपासून पाठ. म्हणून मी ठरवलं, तिच्यावर चेंडू उडवायचा.

पहिला ड्राफ्ट लॅपटॉपवर केला. आणि देवनागरीत चेंडू उडवणं म्हणजे काय असतं ते कळलं. इंग्रजीत शब्दाचे तुकडे करून मध्ये आडव्या रेघा टाकल्या की झालं. आपल्याकडे जोडाक्षराला एक टप्पा द्यायचा की दोन? ऱ्हस्व वेलांटी लिहितो अक्षराच्या आधी, म्हणतो नंतर, त्यामुळे चेंडू वेलांटीवर टेकला की डोळा फसतो. शिरोरेषा मात्र वरदान आहे, चेंडूला पळायला आयता रस्ता! फक्त मात्रा आणि रफार म्हणजे त्या रस्त्यावरचे स्पीडब्रेकर. दोन रात्री जागून एक कडवं झालं. पप्पांनी बघितलं.

"बॉल मेलाय ह्यो."

"म्हणजे?"

"वजनच नाही त्याला. काठी आण."

मग रविवारी आमच्या हॉलचा स्टुडिओ झाला. वीस लिटरच्या पाण्याच्या रिकाम्या जारला काळा कार्डशीट गुंडाळला, त्यावर मी पांढऱ्या पोस्टर कलरनं ओळी लिहिल्या. जार आडवा धरून फिरवायला आई. मागे काळा पडदा म्हणून आजीची छत्री उसवली. पडद्याच्या काठीला काळा रंग, टोकाला टेबल टेनिसचा बॉल. भाचीला त्याचा लाडू हवा होता, तो प्रस्ताव आईनं फेटाळला. मोबाइल स्टँडवर. काठी पप्पांच्या हातात.

मी मूळ गाणं स्पीकरवर लावायला लागले. पप्पा म्हणाले, "बंद कर ते. मला ते ऐकू येत नाही, मधीच घोटाळा होतोय. मी म्हणतो की."

आणि ते म्हणायला लागले. किती दिवसांनी! आवाज जरा खरखरीत, पट्टी त्यांची स्वतःची, लय मूळ गाण्यापेक्षा बरीच संथ. पण गाण्यात आणि चेंडूत केसाचाही फरक नाही, कारण दोन्ही एकाच माणसाकडून निघत होते. लांब सुरावर चेंडू हवेत थांबायचा, थरथरायचा आणि मग हलकेच पुढच्या अक्षरावर उतरायचा. आई जार फिरवता फिरवता गायला लागली. ओळ संपायच्या जरा आधी पप्पा डाव्या हातानं तिला खूण करत होते. पहिला ठिपका : तयार राहा. दुसरा ठिपका : फिरव. जार फिरवणाऱ्या बाईला ही भाषा बरोब्बर कळत होती. लग्नाला पस्तीस वर्षं झालीत म्हणा.

रात्री ते टीव्हीवर लावलं. मोबाइलवर काठी थोडी दिसते, छत्रीची एक तारही दिसते. भाचीला या वर्षी नुकतं वाचायला यायला लागलंय. ती टीव्हीच्या अगदी पुढ्यात उभी राहून एकेक अक्षर पकडत होती. आजोबांच्या लयीनं, आजोबांच्या चेंडूमागून. एका जोडाक्षराला ती अडखळली आणि मागे पडली. पप्पा हसले नाहीत. त्यांनी रिमोट घेऊन पॉज केलं, ती ओळ परत आणली आणि म्हणाले, "बॉलकडं बघ. वर गेला की श्वास घ्यायचा."

आता आमच्या घरी मागण्यांची यादी फ्रिजवर चिकटवली आहे. 'गुड्डी'ची प्रार्थना, दोन भावगीतं, एक लावणी (आईची फर्माइश, मला अजून विश्वास बसत नाही) आणि खारींचं गाणं, त्याला लाडूच पाहिजे या अटीवर. कानाचं मशीन खणातच आहे, तो लढा वेगळा चालू आहे. पप्पांचं म्हणणं, दुसऱ्या कडव्यात चेंडू एका जागी लवकर उतरलाय, ते परत शूट करायचं. काठी जड होती, ॲल्युमिनियमची बघायला ते स्वतः शाहूपुरीत जाऊन आले.

रविवारी शूटिंग आहे. पप्पांनी टायमिंग आधीच जाहीर केलंय : तीनचा खेळ. उशीर झाला तर दार उघडणार नाही.